स्पीकरमधलं इंजिन

राजवर्धन गेल्यावर गाडीत आवाजच उरला नाही, म्हणून मी नवा स्टीरिओ बसवून घेतला. मी जनावरांची डॉक्टर. राहते कोल्हापुरात, रुईकर कॉलनीत, पण आठवड्यातले बहुतेक दिवस राधानगरीच्या रस्त्यावर असते. हळदी, भोगावती, आणि पुढे दाजीपूरच्या जंगलाला टेकलेल्या वाड्या. म्हशी अडतात, गाई पान्हा चोरतात, मी जाते. नवरा होता तेव्हा फेरी लांबची असली की शेजारी बसून यायचा आणि वाटभर माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायचा. आता नावं ठेवायलाही कुणी नव्हतं. निदान गाणी वाजतील, म्हटलं.

गाणी वाजली. पण त्यांच्या मागे एक लांबट, घोगरा सूर ऐकू यायला लागला. आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी तो चालूच.

स्टीरिओ उद्यमनगरातल्या वीरेशनं बसवला होता. निपाणीकडचा माणूस, कामाला चोख, बोलायला कमी. त्यानं बॉनेट उघडून कान दिला.

"अल्टरनेटरचा आवाज हाय, मॅडम. अर्थिंग ढिलं असंल. इंजिन वाढलं की ह्यो वाढतोय, काचेची मोटर चालली की दबतोय. आत्ता काढतो की."

त्यानं अर्थिंगची जागा घासून पत्रा उघडा केला आणि वायर आवळली. सूर तसाच. स्टीरिओची केबल बदलून बॅटरीच्या वायरीपासून लांब, दुसऱ्या बाजूनं ओढली. तसाच. फिल्टर लावला, तरी तसाच. मला त्याची पद्धत आवडली. जनावर बोलत नाही, त्यामुळे आम्हीही असंच करतो. एकेक शक्यता बाद करत जायचं.

"जरा ॲक्सिलेटर द्या बघू."

मी पाय दाबला. इंजिन गुरगुरलं, स्पीकरमधला सूर मात्र जागचा हलला नाही. मी पाय काढून घेतला. जरा वेळानं तो सूर आपला आपणच चढला, तुटला, खाली आला आणि पुन्हा चढला.

वीरेशनं माझ्या पायांकडं पाहिलं. दोन्ही पाय मॅटवर होते.

"कोणतरी गिअर टाकतंय," तो म्हणाला.

"काहीतरी बोलू नकोस. शेजारच्या गाडीचा आवाज पकडत असेल."

"शेजारी गाडी न्हाय की, मॅडम." तो बराच वेळ हात पुसत राहिला. "आता एकच उरलं. स्टीरिओ काढून टाकू."

भोगावतीला एक म्हैस अडली होती. नंतर बघू म्हणून मी निघाले. दुकानाबाहेर पडून पहिला, दुसरा गिअर टाकताना वाटलं, हे मी आत्ताच ऐकलंय.

हळदीच्या स्पीडब्रेकरला खात्री पटली. स्पीकरमधला सूर खाली आला, बसला, हळूच उठला, आणि थोडं अंतर गेल्यावर माझ्यासमोर स्पीडब्रेकर आला. पुढच्या गावात तेच. कुणीतरी माझ्या पुढे, मला दिसणार नाही एवढ्या अंतरावर, त्याच रस्त्यानं चाललं होतं. मध्येच तो सूर दबायचा, म्हणजे पुढच्यानं काच खाली केली. थोड्या वेळानं मलाही उकडायचं आणि मी काच खाली करायचे.

मी शिकलेली बाई आहे. मी कारणं शोधली. एकही पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर फार जोर लावून शोधलंही नाही.

उसाचा हंगाम होता. भोगावतीच्या पुढे एका वळणाच्या आधी सूर एकदम कोसळला. समोर रस्ता मोकळा होता, तरी मी गाडी हळू केली. वळणापलीकडे ट्रॉली उलटली होती आणि रस्ताभर ऊस पसरला होता. ट्रॅक्टरवाला डोक्याला हात लावून कडेला बसला होता.

"येळेत थांबलाय, ताई," तो म्हणाला. "मघाशी एकजण दुचाकी घेऊन आत घुसला. दवाखान्यात न्हेलाय त्येला."

त्या दिवशी मी चक्क स्पीकरचे आभार मानले. मग बोलायचीच सवय लागली. आज कोणत्या गोठ्यात काय झालं, कोण कसं बोललं, जेवायला काय करायचं, सगळं त्या सुराला सांगायचे. तो गिअर बदलत पुढे पुढे जायचा. कुणीतरी आपल्या आधी जाऊन रस्ता बघून ठेवतंय, या विचारानं मला फार बरं वाटायचं.

वीरेशचा फोन आला. "यायलाय न्हवं? तेवढा काढून टाकू."

"राहू दे. त्रास नाही काही."

"एकट्यानं ऐकत बसू नका ते, मॅडम."

"मग कुणाबरोबर ऐकू?"

मी फोन ठेवून दिला. चुकीच्या माणसावर चिडले होते, पण चिडायला तरी दुसरं कोण होतं?

पुढे कोण आहे, ते कळलं माझ्या गुडघ्यामुळं. फार पूर्वी एका म्हशीनं डाव्या गुडघ्यावर लाथ घातली होती. तेव्हापासून दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना माझा क्लच एका दमात दबत नाही. आधी अर्धा, मग पूर्ण. राजवर्धन यावरूनच चिडवायचा. एके दिवशी नीट कान दिला, तर स्पीकरमधलं इंजिनही दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना तसंच अडखळत होतं. दरवेळी.

मी गाडी कडेला घेतली आणि रडले. सोबत म्हणून जिला धरलं होतं ती मीच होते, जराशी पुढे गेलेली. भीती वाटायला हवी होती. मला नुसतं एकटं वाटलं, आधीपेक्षाही जास्त.

तरीही स्टीरिओ काढला नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी दाजीपूरच्या अलीकडे केरबाच्या गोठ्यात गेले होते. गाय मोकळी झाली, वासरू उभं राहिलं. मी हात धुतले.

"च्या घिऊन जावा की," केरबा म्हणाला. "एवढ्या झाडीतनं एकट्याच जाणार?"

"सवय आहे," मी म्हटलं आणि निघाले.

झाडी सुरू झाली. पुढचं इंजिन नेहमीसारखं चाललं होतं. मग सूर खाली आला आणि खालीच राहिला. इंजिन चालू ठेवून गाडी उभी होती.

सूर दबला. बराच वेळ दबला, म्हणजे काच पूर्ण खाली गेली.

मग नुसतं इंजिन. पुन्हा दबला. काच वर.

सूर निघाला, पण चढावर ओझं घेऊन निघावं तसा, कण्हत. थोडं जाऊन पुन्हा थांबला, पुन्हा निघाला.

मी कधी कुणाला गाडीत घेत नाही. एकट्या बाईनं घेऊ नये, हे मला पटतं. पुढे कुठंतरी मी कुणालातरी घेणार होते.

मागे फिरता आलं असतं. केरबाच्या घरी चहा होता.

मी फिरले नाही.

वळण आलं. सागाची पानं, कडेचा दगड, मोकळा रस्ता. कुणीच नव्हतं. मला वाईट वाटलं, हे मी लपवत नाही.

मी गाडी थांबवली. डावीकडची काच पूर्ण खाली केली. गार हवा आत आली. कोण आहे, ते विचारलं नाही. ऐकलं होतं तेवढा वेळ थांबले, मग काच वर केली.

पहिला गिअर. गाडी जड ओढत होती.

समोर लाल दिवा लागला आणि बीप बीप सुरू झालं. डावीकडचा सीटबेल्ट. सीटवर काही नव्हतं. औषधांची पेटी डिकीत होती.

मी पुन्हा थांबले. वाकून पट्टा हातात घेतला आणि ओढला. रिकाम्या सीटवरून तो सहज यायला हवा होता. मला तो बराच, खूपच जास्त बाहेर काढावा लागला, तेव्हा कुठं तो खटक्यापर्यंत पोचला.