बारा कागदांवरची रेघ

मुरबाडच्या स्टँडसमोर राहीच्या मामाचं झेरॉक्सचं दुकान होतं. सत्याण्णव सालच्या दिवाळीआधी धनेश पहिल्यांदा तिथं आला, तोही टोकावड्याची बस पंक्चर झाली म्हणून. तो पुण्यात आकाशाचं संशोधन करायचा आणि भातकापणीला घरी आला होता. सरांचे बारा आलेख लगेच पुण्याला परत पाठवायचे होते, म्हणून दुकानात बसणाऱ्या राहीनं त्याला जवळ ठेवायला कॉप्या काढून दिल्या.

मग तो दर दोन दिवसांनी येऊ लागला. कधी पेन हवं, कधी खोडरबर... एका माणसाला एवढी खोडरबरं कशाला लागतात, हे राहीनं विचारलं नाही. तिनं आलेखाबद्दल विचारलं.

"दर कागदावर एका क्वेसारचा, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या झगझगीत गाभ्याचा उजेड. लय लांबून येतो. वाटेत वायूचे ढग त्यातला थोडा थोडा गिळतात, तिथं अशा खाचा पडतात. खाचेवरून ढग ओळखायचा."

"म्हणजे जे नाय, ते वाचायचं?"

धनेश तिच्याकडे बघतच राहिला. राहीला ते फार आवडलं.

गुरुवारी तो हातात पाकीट घेऊन धावतच आला. "सरांना कळवतोय! बाराच्या बारा क्वेसारांत एक रेघ आहे, एकाच जागी. लांबचे ढग असे एका जागी येत नायत. म्हणजे हे आपल्या जवळचंच काहीतरी. आणि आजवर कुणी नोंदलेलं नाय!"

राहीनं कागद पाहिले आणि ती रेघ लगेच ओळखली. सांगावं, तर हा पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही. न सांगावं, तर पुण्यात त्याचं हसं होणार.

"पाकीट पोस्टात टाकू नका," ती म्हणाली. "जवळचंच आहे ते... माझ्या मशीनच्या काचेवर."

तिनं झाकण उचललं. काचेवर केसाएवढा ओरखडा होता.

धनेश मटकन स्टुलावर बसला. "आधी का नाय सांगितलं?"

"मामा ओरडला असता. आणि एवढ्याशा रेघेनं तुमचं काय बिघडणार, असं वाटलं. कॉप्या काढल्या त्याच दिवशी पडला तो ओरखडा. तुमचा पहिलाच कागद ठेवताना हातातला स्टेपलर सटकला."

"कसा काय?"

"काचेकडं बघत नव्हते."

"मग कुठं बघत होतीस?"

राहीचे कान तापले. पण खोटं बोलणं तिला कधीच जमलं नव्हतं.

"तुमच्याकडं."

धनेशनं पाकीट फाडलं. मग हळूच हसला. "सोमवारी पुण्याहून मूळ कागद परत आणतो. पण या टायमाला मी समोर नाय उभा राहणार."

"मग?"

"आत येईन. तुझ्या शेजारी."

"सोमवारपर्यंत कशाला थांबायचं?" राही म्हणाली, आणि तिनं काउंटरची फळी वर उचलली.