यादीतून काढलेले मास्तर

ऑफिसात मला पाठीमागे 'सासूबाई' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नाही. हे नाव कामावरून पडलंय. आम्ही सी या संगणकभाषेची स्टँडर्ड लायब्ररी सांभाळतो, म्हणजे मजकुराची लांबी मोजणं, वेळ सांगणं, आकडे क्रमाने लावणं असली बारीकसारीक कामं करणाऱ्या तयार फंक्शन्सचा साठा. जगभरचे प्रोग्रॅम त्यांना नावाने हाक मारतात आणि ती कामाला लागतात. पण घरात चार माणसं पाहुण्यांपुढे येतात आणि बाकीची आत राबतात, तसंच इथेही आहे. कोणतं नाव बाहेर दाखवायचं आणि कोणतं आत ठेवायचं, याची यादी अठरा वर्षं माझ्या ताब्यात आहे. यादीत नाव असलं की ते साऱ्या जगाला दिसतं. नसलं तर फक्त आतल्यांना.

मास्तर माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. पूर्वी गणिताच्या शिकवण्या घ्यायचे, म्हणून मास्तर. माणूस देवभोळा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच. नवं फंक्शन लिहिलं की नीट नाव सुचेपर्यंत त्याला स्वतःचंच नाव ठेवून मोकळे व्हायचे, 'मास्तर', आणि मग विसरून जायचे. मी शंभरदा कानीकपाळी ओरडले, की आतल्या नावाआधी दोन अंडरस्कोर, त्या खालच्या आडव्या रेघा, लावा, साधी नावं बाहेरच्या लोकांना लागतात, ती आपण अडवायची नाहीत. "लावतो की," म्हणायचे, आणि लावायचे नाहीत.

व्हायचं तेच झालं. शाळांसाठी प्रोग्रॅम बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. त्यांनीही एका फंक्शनचं नाव 'मास्तर'च ठेवलं होतं. एकाच नावाचे दोघे समोरासमोर आले आणि त्यांचा प्रोग्रॅम धाडकन कोसळला. आमचे साहेब वयाने माझ्याहून पंधरा वर्षं लहान आणि आवाजाने दुप्पट. ते म्हणाले, "मॅडम, आजच्या आज त्या मास्तरला लपवा."

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी लपवलं. एका ओळीचं काम. लायब्ररी पुन्हा कंपाइल केली, बाहेरची यादी तपासली. 'मास्तर' गेलं होतं. आतली कामं सुरळीत चालू होती. मी समाधानाने चहा घेतला.

बुधवारी सकाळी मास्तर आधीच टेबलावर होते, कालच्याच शर्टात.

"बाई, काल हिने मला घरात घेतलं नाही."

"भांडलात?"

"छे हो! बेल वाजवली. हिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, 'कोणीच नाही' म्हणाली आणि लावून घेतलं. तीनदा. शेवटी इथे येऊन खुर्चीत झोपलो."

मास्तरांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते. दिवसातून चारदा थेंब घालायचे असत, आणि घरात दोघंच असल्यामुळे ते काम मास्तरांचं. हयगय झाली तर डोळा गमवाल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"दिसलं नसेल त्यांना," मी म्हटलं. तर्काला धरूनच होतं.

"हाक मारली ना मी! तिच्या कानांना काय धाड भरलीय?" मास्तरांचा आवाज चिरकला. "दोन वेळचे थेंब चुकले, बाई."

मी उगाच कशावर विश्वास ठेवणारी बाई नाही. मास्तरांना घेतलं आणि खालच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. तिथला दुकानदार मास्तरांशी रोज पेनच्या रिफिलवरून वाद घालतो. आज तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, एकट्याच? आमचे वादाचे भागीदार कुठे आहेत?"

मास्तर माझ्या कोपराला कोपर लावून उभे होते. त्यांनी दुकानदाराच्या नाकासमोर चुटकी वाजवली. दुकानदाराने माशी हाकलल्यासारखा हात फिरवला आणि वह्या मोजत राहिला. निघताना आपोआप सरकणारं दार माझ्यासाठी उघडलं आणि मागून येणाऱ्या मास्तरांच्या तोंडावर बंद झालं. मला परत आत जाऊन त्यांना हाताला धरून आणावं लागलं.

वर ऑफिसात मात्र ते सगळ्यांना दिसत होते. साहेबांनी तर जागा सोडून गेल्याबद्दल त्यांना भरपूर झापलं.

"नेमका यांनाच दिसतो मी," मास्तर पुटपुटले.

एरवी मी हसले असते. पण तेव्हा मला माझ्याच पडद्यावरची ती एक ओळ दिसत होती, आणि तिच्यासमोर लिहिलेली वेळ. आत दिसतात, बाहेर दिसत नाहीत. मी कोणाला काही बोलले नाही. असली गोष्ट बोलायची माझ्यासारखीला लाज वाटते.

ओळ काढून टाकणं सोपं होतं. पण मग दोन मास्तर पुन्हा समोरासमोर आले असते, आणि कोसळणं म्हणजे काय हे मला माणसांवर करून बघायचं नव्हतं. आमच्या धंद्यात अशा वेळी तिसरा मार्ग असतो. नाव दुबळं करायचं. दुबळं नाव बाहेर सगळ्यांना दिसतं, पण त्याच नावाचा दुसरा कोणी हजर असेल तर आपलं मुकाट्याने बाजूला होतं. दुसरा तर गिऱ्हाइकाच्या प्रोग्रॅममध्ये, तो मास्तरांच्या घरी कशाला तडफडायला जातोय? मी ओळ बदलली.

अकरा वाजता आम्ही पुन्हा खाली गेलो.

"अहो मास्तर!" दुकानदार ओरडला. "कालची रिफिल फुटकी निघाली म्हणून आज भांडायला नाही आलात?"

मला रडूच आलं. मास्तरांनी भांडणसुद्धा केलं नाही. बाराच्या थेंबांसाठी ते रस्त्याने अक्षरशः पळत सुटले. त्या वयात.

एक वाजता परत आले. हळूहळू जिना चढून. खुर्चीत बसले.

"काय झालं?"

"वाटेत सगळ्यांनी ओळखलं. शेजारच्यांनी हात केला. पण दारात माझ्या चपला होत्या."

"मग?"

मास्तरांनी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. चपला पायातच होत्या.

"आतून कोणीतरी खोकलं, बाई. मी खोकतो तसं."

"तुम्ही बेल वाजवली नाहीत?"

"हात वर गेला होता. मग वाटलं, तो आधी आलाय. असू दे." ते खजील हसले. "आपोआप बाजूलाच झालो मी."

ते बाजूला का झाले, हे मला त्यांच्याहून जास्त ठाऊक होतं. माझी त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

मी त्यांच्या घरी फोन लावला.

"थेंबांचं विचारायला केला," मी म्हटलं.

"घातले की ह्यांनी, बाराच्या ठोक्याला," मास्तरांची बायको म्हणाली. आवाज खुशीत होता. "आणि गंमत सांगू? एरवी ह्यांचा हात इतका हलतो, की निम्मं औषध गालावर. आज थेंब पडला ते मला कळलंसुद्धा नाही. जादूच झालीय हाताला. थांबा हं, हे काहीतरी सांगतायत."

फोनमध्ये दूरवर मास्तरांचा आवाज आला. समोर मास्तर ओठ मिटून बसले होते.

"हे म्हणतायत," ती म्हणाली, "बाईंना सांग, आता त्या ओळीला हात लावू नका. कसली ओळ हो?"

मी फोन ठेवला.

"घातले?" मास्तरांनी विचारलं.

"घातले."

"गालावर नाही ना पडले?"

"नाही. डोळ्यातच."

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला बराच वेळ पुसला आणि परत लावला.

"बाई," ते म्हणाले, "आता त्या ओळीला हात लावू नका."