नाव पेशंटनेच सांगायचं

मोबाइल खाली ठेवा आधी. आणि तू, जिन्यातला दिवा राहू दे लागलेला, उतरताना मला म्हाताऱ्याला लागतो. हं. आता भीती वाटली तर आईला हाका मारायच्या नाहीत, आधीच सांगतो.

ही गोष्ट आपल्या टेलरची. माझ्या सगळ्या पँटी त्यानेच शिवल्या, तुमचे शाळेचे गणवेशही त्याचेच. त्याचं खरं नाव विचारू नका. रात्री मी ते घेत नाही.

मागच्या डिसेंबरातला दुसरा गुरुवार. रात्रीचे पावणेबारा. दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या, "काका, तो तापाचा पेशंट बाहेर बसलाय, त्याला आत घ्या. रक्त काढायचंय." टेलर चिठ्ठी घेऊन उठला. काम एवढंच.

आता टेलर दवाखान्यात काय करत होता? रेडीमेड कपड्यांनी त्याचं दुकान बुडवलं. पंचेचाळिशीत माणसाने करायचं काय? मुलगी म्हणाली, "बाबा, मेडिकल असिस्टंटचा कोर्स करा, सुईची तर तुम्हाला सवयच आहे." त्याने मनावर घेतलं. बीपी बघायचं, पट्ट्या बांधायच्या, रक्त काढायचं. वर्गात सगळ्या पोरी त्याच्या मुलीच्या वयाच्या, आणि हा मुळात संशयी. गिऱ्हाइक गेलं की बटणं मोजणारा माणूस! त्यात पोरींनी एकदा सरावाचा रबरी हात गुपचूप त्याच्या पिशवीत घातला. घरी बायकोने भाजी असेल म्हणून पिशवीत हात घातला आणि जी किंचाळली... हसू नका. तेव्हापासून त्याला जिथेतिथे चेष्टाच दिसायची.

शनिवारी परीक्षा होती. पास झाला की सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट दाखवलं की त्याच दवाखान्यात एक तारखेपासून नोकरी. पण ही परीक्षेआधीची सरावाची शेवटची पाळी. इथे चूक झाली तर सिस्टर त्याला परीक्षेलाच बसू देणार नव्हत्या. आणि सिस्टरचा एक नियम होता, त्यावरून त्यांनी कितीतरी पोरींना रडवलं होतं. पेशंटला नाव विचारायचं. आपण वाचून दाखवायचं नाही. तापाने गळालेला माणूस कशालाही हो म्हणतो, आणि मग एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं. नाव पेशंटनेच सांगायचं.

बाहेर बाकावर एकच माणूस होता. अगदी कडेला, भिंतीला चिकटून. उजवी बाही कोपराच्या वर गुंडाळलेली.

टेलरच्या मनात पाल चुकचुकली. रक्त काढणार म्हणून याला सांगितलं कोणी? पण रात्रीची वेळ, डोळ्यांवर झोप. त्याने सरळ चिठ्ठीवरचं नाव वाचलं. खणखणीत. त्या माणसाने मान हलवली.

टेलरने जीभ चावली. नियम मोडला! पण सिस्टर बाजूच्या खोलीत फोनवर होत्या, त्यांनी ऐकलं नव्हतं. जाऊ दे, म्हणाला, हो तर म्हणालाय ना.

आत खुर्चीत बसवलं. पट्टा बांधला. शीर पटकन सापडली. काम करता करता टेलरची नजर त्याच्या शर्टावर गेली, सवयच ती. खांद्याला शिवण नव्हती. बाहीला नव्हती. कॉलरलाही नव्हती. टेलर मनात म्हणाला, या रेडीमेडवाल्यांचा काही नेम नाही, उद्या माणसंसुद्धा बिनशिवणीची विकतील.

नळीत रक्त आलं. ताज्या रक्ताची नळी बोटांना कोमट लागते. ही गार लागली.

त्याने कापसाचा बोळा ठेवला, वर चिकटपट्टी लावली. पट्टीचं टोक नेहमीसारखं आत दुमडलं, तुरपाईला कापडाची कड दुमडतात तसं. काढताना ओढायला बरं पडतं, म्हणायचा. पोरी त्यालाही हसायच्या. त्या दवाखान्यात असं टोक दुसरं कोणी दुमडत नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा.

"दाबून धरा," म्हणून तो लेबल आणायला दारापाशी आला. तर बाकावर एक बाई, आणि शेजारी शाल पांघरलेला तिचा नवरा. बाई म्हणाली, "अहो, यांना उलटी होत होती म्हणून बाथरूममध्ये गेलो होतो. नंबर गेला का आमचा?"

"नाव काय?" या खेपेला टेलरने विचारलं.

शालवाल्याने सांगितलं. तेच. चिठ्ठीवरचं.

टेलरला आधी घाम फुटला, मग डोकं तापलं. कळलं! पोरींचेच उद्योग. नाहीतर सिस्टरनीच कोणाला तरी आणून बसवलंय, मी नाव विचारतो की नाही बघायला. तरातरा आत गेला.

"तुमचं नाव काय हो?"

गप्प.

"नाव सांगा ना राव!"

गप्प. नुसता बघत होता.

टेलरने तोंडाला येईल ते नाव घेतलं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचं. मान हलली. मग डॉक्टरांचं घेतलं. मान हलली.

"वा! मग टेलरही तुम्हीच असाल!" आणि चिडून त्याने स्वतःचं नाव घेतलं. पूर्ण. बापाच्या नावासकट, आडनावासकट.

या वेळी मान हलली नाही...

ओठ हलले. आवाज नाही. नुसते ओठ. एकदा... पुन्हा एकदा... पोरं पाढे पाठ करतात तसे.

मग मान हलली. हळूच.

"काका, कोणाशी बोलताय?" सिस्टरचा आवाज आला.

टेलर वळला. परत फिरला.

खुर्ची रिकामी.

ट्रेमध्ये नळी. कोरडी ठणठणीत.

काय म्हणालास? खिडकीतून पळाला असेल? खिडकीला जाळी होती, शहाण्या. आणि एकुलत्या एका दाराच्या वाटेत टेलर उभा होता.

तो कोणाला काही बोलला नाही. बोलणार कसा? नियम मोडला हेही सांगावं लागलं असतं. शालवाल्याला आत घेतलं, नाव नीट विचारलं, रक्त काढलं. शनिवारी परीक्षा दिली. पास झाला! मुलगी घरभर नाचली. बायको म्हणाली, "दुकान गेलं ते बरंच झालं म्हणायचं." इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा हसली होती. टेलरला वाटलं, सुटलो.

पुढच्या गुरुवारी अंधार पडता पडता तो सर्टिफिकेट आणायला कोर्सच्या ऑफिसात गेला. क्लार्कने वर बघितलं.

"आता काय विसरलात?"

"विसरलो कुठे? सर्टिफिकेट न्यायला आलोय."

"काल नेलंत की."

टेलर हसला. पोरी लपल्यात का म्हणून त्याने दारामागेही बघितलं. खरंच बघितलं हो.

"मी काल आलोच नव्हतो."

"अहो, मीच तर दिलं. मी नाव वाचलं, तुम्ही मान हलवलीत."

टेलरचं हसू गेलं.

"बोललो... काही बोललो का मी?"

"नाही. तेवढंच जरा..." क्लार्क थांबला. "आणि बाही वर होती तुमची. मला वाटलं, लागलंय कुठे."

टेलरने टेबलावर हात आपटला. कोणाला दिलंत, कितीला विकलंत, म्हणून ओरडला. ओरडता ओरडता त्याचा आवाज बसला. ते सर्टिफिकेट घेऊन तो बाकावरचा माणूस आता कुठे गेला असेल? कोणत्या दवाखान्यात उभा असेल? कोणाच्या दंडाला पट्टा बांधत असेल... टेलरच्या नावाने?

 क्लार्कने खण उघडला. कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"काल तुम्ही उठलात तेव्हा खुर्चीवर राहिलं. टाकणार होतो. पण ते... वाळतच नाहीये."

टेलरने कागद उलगडला.

कापसाचा बोळा. मधोमध लाल ठिपका, ओला.

वर चिकटपट्टी. टोक आत दुमडलेलं.