प्रेमराज आबांचा डबा

जगात थोर गिटारवादक दोनच झाले. दुसरा कोण, याबद्दल जाणकारांत वाद आहे; पहिले मात्र धुळ्याचे प्रेमराज आबा, यावर 'प्रेमराज गिटार परिवार, खान्देश' या फेसबुक ग्रुपात संपूर्ण एकमत होतं. ग्रुपला सभासदही भरपूर. त्यातले निम्मे ठिबक सिंचनाच्या नळ्या विकायला आले होते आणि उरलेल्या निम्म्यांना त्या हव्या होत्या, ही गोष्ट वेगळी.

ग्रुप चालवायची भाविका. जळगावात एका चटईच्या कारखान्यात, ऑफिसात बसायची. तिचे वडील, म्हणजे नाना, चोपड्याकडचे केळीवाले. तरुणपणी त्यांनी पाचोऱ्याच्या गणपतीत आबांना ऐकलं होतं. लोक भजन ऐकायला जमलेले. आबांनी विजेची गिटार काढून असा काही रॉक सोडला की पुढची म्हातारी माणसं उठून गेली आणि मागची पोरं पुढे सरकली. नानांनी त्या रात्रीची कॅसेट कुठूनशी पैदा केली आणि जन्मभर जीपमध्ये वाजवली. तिच्यातली शेवटची धून ऐन रंगात येऊन तुटायची. कॅसेटच तिथे संपायची.

"पुढे काय असेल गं?" नाना दरवेळी विचारायचे. गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यात, तोंडावरचा ऑक्सिजन बाजूला सारून त्यांनी तेच विचारलं. उत्तर न मिळताच गेले.

भाविकाला त्या धुनेचा शेवट हवा होता; थेट आबांच्या दारात जाऊन विचारायचं धाडस मात्र नव्हतं. ग्रुप त्यासाठी होता. नळ्या नंतर आल्या.

एकदा तिने विचारलं, 'आबांच्या गिटारचा तुमच्या आयुष्यावर काय परिणाम झाला?' उत्तरांचा पाऊस पडला. पाचोऱ्याच्या रुपचंदभाऊंनी लिहिलं, 'आबांना ऐकून मीही गिटार घेतली. ती अजून माळ्यावर आहे.' कुणी नोकरी सोडली होती, कुणी नुसतेच केस वाढवले होते. आणि 'बहिरा धुळेकर' नावाच्या कुणीतरी लिहिलं, 'आमच्या घरात तिघांना कमी ऐकू येतं.'

भाविकाचं डोकं फिरलं. 'संगीत कळत नसेल तर ग्रुप सोडा.'

'सोडला असता. बटण सापडत नाही.'

'मी काढू?'

'काढा… पण मग तुम्ही भांडणार कुणाशी? बाकीचे तर नळ्या विकतात.'

तिने त्याला काढलं नाही. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. रोज कामाला लागण्याआधी त्याने काय खोडी काढली आहे ते बघितल्याशिवाय तिला चहा गोड लागेना, एवढं खरं.

मग आबांचा वाढदिवस आला. भाविकाने मोबाइलवर छानशी चौकट शोधली. झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना समया. मध्ये आबांचा फोटो बसवला, खाली लिहिलं, 'आबा, तुम्ही सदैव आमच्यात आहात!' आणि फोन पिशवीत टाकून ती चटयांच्या हिशेबाला बसली.

हार घातलेला फोटो बघून आपल्याकडे कुणी पुढचं वाचत नाही. संध्याकाळी तिने फोन काढला तेव्हा चारशे लोकांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती. ऐन वाढदिवसाला आबा गेले! त्यांना आपणच घालवलं, हा संशयसुद्धा तिला आला नाही. ती रडली. आबांसाठी, आणि आता त्या धुनेचा शेवट कायमचा गेला म्हणूनही.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि धुळ्याची एसटी धरली. एसटीपुढे कापसाचा ट्रक होता; पारोळ्यापर्यंत खिडकीतून कापूस उडत आत येत होता.

आबांच्या दाराशी माणसं मावत नव्हती. भाविका बायकांच्या बाजूला जाऊन चटईवर बसली. चटई तिच्याच कारखान्याची निघाली. सगळे खाली मान घालून बसले होते. घरातून एक बारीक घरघर येत होती, जुन्या फ्रीजसारखी. तेवढ्यात आतला पडदा सरकला आणि लुंगी-बनियनवर, डावा हात लुळा सोडून, खुद्द आबा बाहेर आले. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली.

"कोन मरना रे?"

दाराला टेकलेला एक तरुण त्यांच्या कानाशी वाकून ओरडला, "तुम्हीच, आबा!"

आबांनी जरा विचार केला. "मंग बठ्ठास्ले च्या पाजा."

कुणी हललं नाही. सगळ्यांना चहा! पण सुतकाच्या घरी तो घ्यायचा कसा? आणि हे सुतकाचं घर नसेल तर इथे बसायचं कसं? तरुणाने खिशातून कानाचं मशीन काढलं आणि आबांच्या कानात बसवलं. "घ्या. इतके दिवस नको म्हणत होता. आज ऐका तरी, लोक काय म्हणतात."

रुपचंदभाऊंनी घसा साफ करून आपलं माळ्यावरच्या गिटारचं प्रकरण पुन्हा सांगितलं. आबांनी सगळं ऐकलं. मग मशीन काढून पोराच्या हातावर ठेवलं.

"जित्ता व्हतू तवय कोनी ऊनं नही," ते म्हणाले आणि आत गेले.

जिवंतपणी खरंच कुणी आलं नव्हतं; लोक मुकाट्याने उठले. सुतकाच्या दारावरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. त्या सवयीने कुणी काही बोललंच नाही. भाविकाही तशीच चपला घालू लागली.

"थांबा," तो तरुण म्हणाला. "इथं कोणी मेलेलं नाही. 'येते' म्हणायला हरकत नाही." मग त्याने मोबाइल पुढे केला. "ही पोस्ट टाकणाऱ्याला शोधतोय मी. तुम्ही ओळखता?"

भाविकाने चपलेकडे बघितलं. "मी… टाकली."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हात पुढे करून त्याने तिच्या केसांत अडकलेला कापूस अलगद काढला.

"तेजस," तो म्हणाला. "आबांचा मुलगा. कानाच्या मशीनच्या दुकानात असतो. तुम्ही मला ग्रुपमधून काढणार होतात."

"म्हणजे तुम्ही… बहिरा?"

त्याने स्वतःच्या कानातल्या मशीनवर बोट ठेवलं. "मी एक, आई दोन, आबा तीन. खोटं लिहिलं नव्हतं."

तिने मग नानांची आणि अर्ध्या धुनेची गोष्ट सांगितली. तेजस तिला आत घेऊन गेला. खाटेशेजारी आबांनी स्वतः जोडलेला स्पीकरचा लाकडी डबा होता. घरघर त्याचीच.

स्वयंपाकघरातून तेजसची आई, कोकिळाबाई, ओरडल्या, "तो डबा बंद करा! लाइटनं बिल येस!" चाळीस वर्षांच्या संसारात आबांच्या संगीतावर त्यांचं मत एवढंच होतं आणि ते त्यांनी रोज दिलं होतं.

तेजसने कानाशी ओरडून धुनेचा शेवट विचारल्यावर आबा हसले. "शेवट? पाचोराले तार तुटनी. शेवट कथाईन येई?"

म्हणजे शेवट नव्हताच. ग्रुपात त्यावर महिनोन्महिने वाद चालला होता, आणि सात जणांनी तर तो स्वतःच्या कानांनी ऐकला होता!

"मग करा ना आबा," भाविका म्हणाली. मशीन नव्हतं, तरी आबांनी ते ओठांवरून वाचलं असावं. त्यांनी लुळ्या हाताकडे बघितलं. मग तेजसकडे.

त्या दिवशी तेजसने बापाची गिटार पहिल्यांदा हातात घेतली. पट्टीवर तो बोटं दाबणार, उजव्या हाताने आबा छेडणार. दोन माणसांची मिळून एक गिटार. भाविका निघाली तेव्हा दारात थांबून म्हणाली, "येते."

आणि खरंच येत राहिली, दर रविवारी. ग्रुपवर तिने कडक नियम लावला: 'खात्री केल्याशिवाय श्रद्धांजली वाहणाऱ्यास काढून टाकण्यात येईल.' इकडे धून एकेका सुराने पुढे सरकत होती. आबा चिडायचे, "दाब ना रे, मेंगळ्या!" तेजसची बोटं सोलून निघाली. भाविका त्यांना खोबरेल लावायची. लावून झाल्यावरही हात लगेच सोडायची नाही… आणि तोही मागे घ्यायचा नाही.

"तुम्हाला धून आवडते की रविवार?" त्याने एकदा विचारलं.

"धून," ती म्हणाली. "रविवारी वाजते म्हणून."

आबा मात्र उतरणीला लागले होते. आधी बसणं सुटलं, मग जेवण. शेवटच्या रविवारी उजवा हातही थरथरत होता. दोन सूर राहिले आणि आबा झोपी गेले. बुधवारी पहाटे तेजस पाणी पाजायला गेला तेव्हा हात गार होता.

तेजसने ग्रुपवर चार शब्दांत लिहिलं. हार नाही, समई नाही. खाली पहिलं उत्तर रुपचंदभाऊंचं आलं, 'अफवा पसरवू नका. नियम वाचा.' दुसऱ्याने लिहिलं, 'आम्ही एकदा येऊन गेलो, भाऊ.' तिसरा नळ्या विकत होता.

भाविकाने खरं काय ते लिहिलं. तिच्यावर तर कुणीच विश्वास ठेवला नाही.

खांदा द्यायला गल्लीतली माणसं मिळाली. मग भाऊबंद आले, गेले. पाचव्या दिवशी, रविवारी, भाविका पोचली तेव्हा दारात एक चटई होती आणि तिच्यावर कुणीही नव्हतं. ती एकटीच बसली. आतून घरघर येत होती.

"डबा चालू आहे?" तिने हळूच विचारलं.

"आई बंद करू देत नाही," तेजस म्हणाला. "आबा गेले तेव्हापासून. रात्रीसुद्धा."

त्याचे डोळे कोरडे आणि लाल होते. भाविका म्हणाली, "चारशे लोक मी फुकट घालवले. आज आले असते."

"आले असते नि नळ्या विकल्या असत्या." तो उठला आणि गिटार घेऊन आला. "दोन सूर राहिलेत. आबांनी मला सांगून ठेवलेत. पण मला फक्त दाबता येतं."

ती खाटेच्या कडेवर त्याच्या शेजारी बसली. त्याने पट्टी धरली, तिने भीतभीत तार छेडली. एक सूर. बेसूरच, पण लागला. मग दुसरा. तो डब्यातून बाहेर पडला, खोलीभर फिरला आणि विरत विरत त्या घरघरीत मिसळून गेला.

झाली. नाना, धून झाली.

भाविकाला आता रडू आवरेना. तेजसने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. गिटार दोघांच्या मध्ये होती. तारेवरच्या तिच्या बोटांवर त्याने आपली सोललेली बोटं तेवढी ठेवली.

उन्हं कलली तशी ती उठली. चपला घातल्या, दारात थांबली.

"मी ये…" आणि तिने जीभ चावली.

"म्हणायचं नसतं," तो म्हणाला. "आज खरंच सुतक आहे."

"मग काय म्हणू? आता तर धूनही संपली. रविवारी कशाला आले म्हणून सांगू?"

तेजस उंबऱ्यावर आला. त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला ओठांकडे बघावं लागलं.

"काहीच म्हणू नकोस. जाऊच नकोस ना… म्हणजे आज जा. पण दिवस झाले की मी चोपड्याला येतो, तुझ्या आईला विचारायला. मला तू हवी आहेस, भाविका. धून संपली तरी."

भाविकाने एका पायातली चप्पल काढली.

आत भांडं वाजलं. मग पडद्याआडून ती काढलेली चप्पल बघून कोकिळाबाई बोलल्या, पाच दिवसांत पहिल्यांदाच:

"पोरी, थांबी राहिनी ना? मंग आते तो डबा बंद करी टाक. लाइटनं बिल येस."