दोन तिरक्या रेघा

मयूरी त्या दुकानात शिरली ती पेनसाठी नव्हे, छत्रीसाठी. साताऱ्याच्या एसटी स्टँडसमोर वाऱ्यानं तिची छत्री उलटी केली, सांगलीची गाडी अजून लागली नव्हती, आणि पहिलं जे छप्पर दिसलं ते सुमंतच्या घड्याळाच्या दुकानाचं होतं. 'घड्याळे व फाउंटन पेन दुरुस्ती' ही पाटी तिनं छत्रीशी झटापट करता करता वाचली. तिचा हात पर्सकडे गेला आणि तिथेच घुटमळला.

"पेन... खरंच दुरुस्त करता?"

"पाटी वडिलांच्या काळातली आहे," सुमंत म्हणाला, "पण खोटी नाही."

सुमंतला बोलायचं अंग नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस तो. कुणी समोर आलं की आधी त्याचं मनगट बघायचा. हिच्या मनगटावर घड्याळच नव्हतं, म्हणून नाइलाजानं त्याला चेहरा बघावा लागला. सगळी गडबड तिथेच झाली. पावसानं ओली झालेली बट कानामागे सारत ती बोलत होती, आणि पहिली दोन वाक्यं त्याला ऐकूच आली नाहीत.

"...अण्णांचं आहे. माझ्या वडिलांचं. सांगलीला दस्तलेखक होते. खरेदीखतं, मृत्युपत्रं, सगळी याच पेननं लिहिली." तिनं रुमालातून एक काळं, जाडजूड, ड्रॉपरनं शाई भरायचं जुनं पेन काढलं. "गळ्याच्या कॅन्सरमध्ये त्यांचा आवाज गेला. तेव्हापासून लिहूनच बोलायचे. खांद्यात जोर नाही, बॉलपेन दाबता येत नाही. हे नुसतं टेकवलं तरी चालायचं... आता मधेच कोरडं पडतं."

"लिहिलेलं काही आहे? कुठे अडतं ते कळेल."

तिनं पाकिटातून घडी घातलेला एक कागद काढला. देताना तिची बोटं जराशी अडली. "सांभाळून हं. त्यांचं हे शेवटचं अक्षर आहे."

कागदावर देखण्या, पण मधेमधे तुटलेल्या अक्षरांत तीनच शब्द होते: दुसरे ऑपरेशन करू.

"हे लिहून दिलं त्या संध्याकाळी," मयूरी म्हणाली. "पहाटे श्वास अडकला, शुद्ध गेली. डॉक्टर म्हणाले, आत्ताच ठरवा. हा कागद होता म्हणून मी सही करू शकले. नाहीतर माझी हिंमत नव्हती. पण त्यानंतर त्यांनी पेन हातातच धरलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पेन नीट झालं ना, की बोलतील माझ्याशी."

सुमंतनं पेनला बांधायच्या चिठ्ठीवर तिला नाव लिहायला सांगितलं. तिनं दुकानातल्या पेननं पूर्ण नाव लिहिलं, 'मयूरी विष्णुपंत गोखले', आणि पुढे दोन तिरक्या रेघा ओढल्या.

"हे काय?"

"अण्णांची शिस्त." ती पहिल्यांदाच हसली. "मजकूर संपला की दोन रेघा. दस्तात कोरी जागा सोडली की मागाहून कुणीही काहीही घुसडतं म्हणे. आमच्या घरी वाण्याची यादीसुद्धा अशीच संपते."

स्टँडवर गाडी लागली. पेन आणि कागद तिथेच ठेवून ती धावत गेली, आणि सुमंत कितीतरी वेळ त्या दोन रेघांकडे बघत बसला.

पेनमध्ये फार काही बिघाड नव्हता. निबच्या खाली जी काळी पट्टी असते, जिच्या खाचेतून शाई उतरते, तिला पेनची जीभ म्हणतात. त्या खाचेत जुनी शाई वाळून दगड झाली होती. सुमंतनं ती रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी पितळेच्या पातळ पत्र्यानं निबची चीर साफ केली, जीभ गरम पाण्यात धरून निबला नीट बसवली. दुपारपर्यंत पेन असं चालायला लागलं की 'श्री' लिहिताना हाताला काही कळूच नये.

मग सहज, आधी किती तुटत होतं ते पडताळायला, त्यानं अण्णांचा कागद दिव्याखाली धरला. 'करू'च्या पुढे कागद कोरा होता.

वाण्याची यादीसुद्धा रेघांनी संपवणारा माणूस होता हा. मग इथल्या रेघा गेल्या कुठे?

सुमंतनं भिंग डोळ्याला लावलं आणि कागद तिरपा केला. कोरड्या निबनं कागदाची साय खरवडली होती. त्यात शाई नव्हती, पण अक्षरं होती. 'नका'. आणि त्यापुढे दोन तिरक्या रेघा.

अण्णांनी 'करू नका' म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या हिशेबी ते सांगून झालं होतं, आणि लेकीनं ते मोडलं होतं. म्हणून तोंड भिंतीकडे होतं. आता हे पेन परत गेलं की अण्णा लिहिणार, आणि आपल्या सहीनं काय झालं ते या मुलीला कळणार. न गेलं तर अण्णा मुकेच राहणार.

शुक्रवारी मयूरी आली. "झालं?"

"अजून... थोडं राहिलंय," सुमंत म्हणाला.

खोटं. आणि खरं सांगायचं तर त्यातलं अर्धंच तिच्या काळजीपोटी होतं. उरलेलं अर्धं नुसता लोभ होता. ती जिल्हा परिषदेत कामाला होती, दर शुक्रवारी सांगलीला जायची, आणि पेन दुकानात असेपर्यंत दर शुक्रवारी इथे येणार होती.

"एका पेनला किती शुक्रवार लागतात हो?" तिसऱ्या खेपेला तिनं सांगलीच्या भडंगाचा पुडा काउंटरवर ठेवत विचारलं.

"पेन म्हातारं आहे."

"आणि दुरुस्त करणारा?"

"तो... हळू आहे."

"ते दिसतंच आहे." ती हसली. भडंग उचलताना दोघांची बोटं लागली आणि दोघांनीही ती उगाच सावकाश मागे घेतली. मग हसल्याचंच वाईट वाटल्यासारखं तिनं ते आवरलं. "गेल्या रविवारी तासभर बोलत होते मी अण्णांशी. त्यांनी डोळे मिटून घेतले. माझं काय चुकलं असेल हो?"

सुमंतनं भडंगाचा पुडा बंद केला. तरी त्यानं त्या 'नका'बद्दल सांगितलं नाही. चौथ्या शुक्रवारीही नाही. लाजही वाटते आणि वाटही बघतो, असला माणूस प्रेमात पडला की दुसऱ्याचे दिवस वाया जातात.

पाचव्या शुक्रवारी शेजारचा चहावाला बिराप्पा दोन कप घेऊन आला तो थेट मयूरीलाच म्हणाला, "आवं ताई, ह्यो तुमच्याशी कायतरी बोलनार हाय. पाच आठवडं झालं, नुसता घाम पुसतोय. सांगून टाक रं गड्या, लय ताणू नगंस!"

बिराप्पा गेला. मयूरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ती कपाकडे बघत थांबली... आणि सुमंतला जे सांगायचं होतं ते तिच्या मनातलं नव्हतं.

"पेन दुसऱ्याच दिवशी झालं होतं."

"मला वाटलंच," ती हळूच म्हणाली, आणि मान वर करून हसली. ते हसू बघून सुमंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं दिवा ओढला, कागद तिरपा धरला आणि भिंग तिच्या हातात दिलं.

ती वाकली. बराच वेळ वाकून राहिली. "न...का," तिनं अक्षरं लावली. मग तिनं कागदाची घडी घातली, पेन उचललं.

"पाच शुक्रवार," एवढंच म्हणाली, आणि भर पावसात गेली. छत्री दुकानातच राहिली.

त्यानंतरचे चार शुक्रवार सांगलीची गाडी लागली आणि सुटली. सुमंतनं छत्रीची मोडकी काडी बसवली, कापड शिवलं, आणि ती दाराशी टांगून ठेवली. बिराप्पानं विचारायचं सोडून दिलं.

ती आली ती एका मंगळवारी. पेन काउंटरवर ठेवलं. सुमंतनं टोपण काढलं. शाई वाळली होती.

"किती दिवस लिहिलं नाही?"

"तेरा."

सुमंत स्टुलावरून उठला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळलं नाही.

"सोळा दिवस बोलले माझ्याशी," मयूरी म्हणाली. "घरात होते नव्हते ते कागद संपवले. पाच आठवडे तुम्ही गप्प ठेवलंत त्यांना. तेवढेही दिवस ते बोलले असते. हे मी विसरणार नाही."

"विसरू नका."

तिनं एक कागद पुढे सरकवला. अण्णांचं अक्षर थरथरत होतं, पण शाई कुठेच तुटली नव्हती. 'चूक लेखनिकाची. शाई उतरली की नाही ते पाहिले नाही. पोरीचा दोष नाही.' पुढे दोन तिरक्या रेघा. त्याखाली वेगळ्या दिवशीचं असावं तसं, थोडं वाकडं, 'पेन उत्तम केले आहे. माणूस भित्रा. तुला काय वाटते ते तू लिही.'

या ओळीपुढे रेघा नव्हत्या.

"मी काहीच लिहिलं नाही," तिचा आवाज फाटला. "त्यांनी दोनदा पेन माझ्या हातात दिलं, आणि मी रागात होते. मग राहूनच गेलं." तिनं डोळे पुसले. "कधी मिळेल पेन?"

"आत्ता. बसा."

ती बसली. तिच्यासमोरच त्यानं पेन खोललं, जीभ धुतली, निब धुतली, फडक्यानं टिपून परत बसवली. चहा आला आणि गार झाला. शेवटी त्यानं शाई भरून पेन आणि कोरा कागद तिच्यापुढे ठेवला.

तिनं लिहिलं, 'मयूरी'. आणि थांबली.

सुमंत वाट बघत राहिला. वडिलांचं नाव आलं नाही, आडनाव आलं नाही.

"रेघा... राहिल्या," तो म्हणाला.

"राहू देत."

"मग ती पुढची जागा..."

"कोरी आहे." तिनं त्याच्याकडे पाहिलं. डोळे अजून ओलेच होते, आणि रागही पुरता गेलेला नव्हता. "पण लगेच काही लिहू नका तिथे. आधी हे वाळू दे."

सुमंतनं टीपकागद उचलला होता, तो त्यानं परत खणात ठेवला.