रिकाम्या फोटोतली सावली

ही गोष्ट माझ्या बाबतीत घडली आहे. कुणाकडून ऐकलेली नाही. आणि मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, फिजिक्स शिकलेली आहे.

१७ मे २०२३, बुधवार. दुपारचे पावणेतीन. परभणी, वसमत रोडचं आमचं घर.

आईला जाऊन चाळीस दिवस झाले होते. घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा आई गेल्यापासून बोलतच नव्हते. ताट वाढलं की जेवायचे, हात धुवायचे आणि ओसरीवर जाऊन बसायचे.

मी पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. आम्ही रुबिडियम नावाच्या धातूचे अणू इतके थंड करतो की ते वेगवेगळे उरतच नाहीत. लाखो अणूंचा मिळून एकच ढग होतो. हवेपेक्षा लाखपट विरळ. त्यावर प्रकाश टाकायचा आणि सावलीचा फोटो घ्यायचा. सावली जितकी गडद, तितकी ढगाची घनता जास्त.

पण प्रकाशाच्या धक्क्यानं ढग विस्कटतो. फोटो काढला की तो गेला.

त्या दुपारी मी आईच्या खोलीत बसून लॅपटॉपवरून पुण्याचं मशीन चालवत होते. अणू न भरता, तपासणीसाठी रिकामे फोटो घ्यायचे होते. सगळे कोरे यायला हवेत.

पहिला आला...

मधोमध सावली होती.

मी प्रयोगशाळेत प्रियांकाला फोन लावला. ती तिथं माझ्याबरोबर काम करते; आमच्याकडचीच, परभणीजवळच्या झरी गावची.

"ताई, रुबिडियम सकाळपासून बंद हाय. आत काहीच न्हाई."

मी घनता काढली. आमच्या सगळ्यात दाट ढगाच्या दुप्पट.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर थांबला. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन होतं.

आणि माझी बोटं गार पडायला लागली...

टेबलावर तांब्या होता, साध्या पाण्याचा. त्याच्यावर बाहेरून थेंब जमले होते.

लॅपटॉप बॅटरीवर होता, नेट मोबाईलचं. मी दुसरा फोटो घेतला.

सावली होती. पण अर्धीच उरलेली.

दारात बाबा उभे होते. कधी आले, कळलंच नाही.

"ऐकलं का..." ते हळूच म्हणाले.

बाबांनी आईला कधी नावानं हाक मारली नाही. चाळीस वर्षं ते तिला "ऐकलं का" असंच म्हणायचे.

ते माझ्याकडे बघत नव्हते. रिकाम्या पलंगाकडे बघत होते.

मग माझ्याकडे वळले. "मैथिली, काय करायलीस तू?"

"फोटो घेतेय, बाबा. कामाचे."

"नको घेऊस."

"का?"

"तिला लागायलंय."

माझं बोट बटणावर थांबलं. पण दोन फोटोंवर कोण विश्वास ठेवणार? प्रयोगशाळेतले सर म्हणाले असते, कॅमेऱ्यावर धूळ असेल. तिसरा हवाच होता.

"फक्त एक, बाबा."

मी बटण दाबलं.

फोटो आला. कोरा... स्वच्छ, पांढरा.

खोलीत भट्टीसारखी झळ भरली. बाबा चौकटीला धरून उभे राहिले.

"गेली," एवढंच म्हणाले, आणि ओसरीवर गेले.

पुढे पुण्याला गेल्यावर आम्ही कॅमेरा उघडला, लेन्स तपासली, प्रोग्राम तपासला. काहीच दोष सापडला नाही. सर धूळच म्हणाले. पण धूळ एका फोटोनं अर्धी कशी होईल?

बाबा आता बोलतात. भाजीचं, पावसाचं, शेजारच्यांचं. त्या दुपारचं कधीच नाही. दिवाळीत मीच धीर करून फोनवर विचारलं,

"बाबा, त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं होतं?"



"मला कुठं काय दिसलं," ते म्हणाले. "मी नुसता तिच्याशी बोलायला आलो होतो. तू थांबली असतीस तर बोललो असतो."

हल्ली रिकामे फोटो घ्यायचे असले की मी प्रियांकाला सांगते आणि बाहेर जाऊन उभी राहते...