कणसूत्र

भोरदरा धरणाच्या नियंत्रण कक्षात शरयू केळुसकर पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. देखरेख अभियंता ढमाले तिला घ्यायला दारापर्यंत आले नाहीत. पडद्यासमोरून न हलता त्यांनी विचारलं, "कॅमेऱ्यांची चित्रं साठवायची पद्धत तुम्हीच ठरवलीत ना, मॅडम?"

"हो. सहा वर्षांपूर्वी."

"मग यात पाणी का दिसत नाही ते सांगा."

धरणाखालच्या नदीत आठ दिवसांपासून गढूळ पाणी उतरत होतं. जानेवारी महिना, दरवाजे बंद, पावसाचा थेंब नाही. कुठून तरी झिरपत होतं एवढं नक्की. ढमाल्यांची माणसं भिंतीच्या पोटातल्या बोगद्यांत दोनदा जाऊन आली, तरी जागा सापडेना. म्हणून त्यांनी नदीच्या खालच्या वळणावरच्या कॅमेऱ्याचा सगळा संग्रह चाळला होता. चित्रात मधोमध धरणाची भिंत, दोन्ही बाजूंना डोंगर. सहा वर्षं सगळं कोरडं ठणठणीत.

शरयूने एक दृश्य मोठं करून अगदी सावकाश चालवलं. भिंतीवर, झाडीवर, आभाळात एकाच तऱ्हेची बारीक थरथर होती. नको तितकी सारखी.

"साहेब, ही थरथर खरी नाही."

"म्हणजे?"

"कुठल्याही कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक कण थरथरत असतात. दर क्षणी वेगळे. त्यांचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून साठवताना सगळ्यात जास्त जागा तेच खातात. आमचा एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लहान करणारा प्रोग्रॅम, ते आधी पुसून टाकतो. फक्त किती होते याची नोंद ठेवतो. त्या नोंदीला आम्ही कणसूत्र म्हणतो. चित्र बघायची वेळ आली की त्या सूत्रावरून नवे, खोटे कण सगळीकडे शिंपडले जातात. डोळ्यांना फरक कळत नाही."

"आणि दगडावरून झिरपणारं पाणी?"

"ते बारीक चमकतं. दर क्षणी वेगळं. एन्कोडरने त्यालाही कण समजून पुसलं असणार."

"मूळ चित्रं कुठे तरी असतील ना?"

"नाहीत. कॅमेऱ्यातच पुसली जातात. अकरा एन्कोडर तपासून मी हा निवडला होता, साहेब. कमीत कमी जागेत स्वच्छ चित्र. कण पुसायचा पर्याय मीच चालू ठेवायला सांगितला."

"मग आत्ताच्या आत्ता बंद करा तो!"

"त्यासाठी कॅमेऱ्यापाशी जावं लागेल."

"दीड तासाची वाट आहे," ढमाले म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा उतरला होता.

शरयूने तोवर कणसूत्रं बाहेर काढायला घेतली. चित्र खोटं असलं तरी सूत्र खोटं नव्हतं. जे पुसलं गेलं, ते किती होतं हे त्यात उरलंच होतं. साडेपाच वर्षं आकडे जागचे हलले नव्हते. गेल्या पावसाळ्यापासून ते चढू लागले होते, आणि या आठ दिवसांत दुप्पट झाले होते.

"भिंत," ढमाले पुटपुटले. खाली अकरा गावं होती. त्यांचा हात सायरनच्या झाकणाकडे गेला.

"एक मिनिट, साहेब! सूत्रात उजेडाप्रमाणे नोंद असते. अंधाऱ्या भागात कण किती, उजळ भागात किती. हे बघा, सकाळी नऊला वाढ फक्त अंधाऱ्या भागात आहे. दुपारी तीनला फक्त उजळ भागात. भिंतीवर ऊन कधी येतं?"

"दक्षिणेला तोंड आहे तिचं. या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊनच."

"म्हणजे भिंत नाही. सकाळी सावलीत आणि दुपारी उन्हात, असं त्या चित्रात काय आहे?"

ढमाल्यांनी पडद्याच्या उजव्या कडेवर बोट टेकवलं. "पूर्वेचा डोंगर."

"त्याच्यावर काय आहे?"

"आपण," ते म्हणाले. "हा कक्ष, बेचाळीस घरांची वसाहत, शाळा."

त्यांचा हात अजून झाकणावरच होता. शरयूने घाईने विचारलं, "सायरन वाजला की गावातले लोक कुठे पळतात?"

"वर. दर वर्षी सराव घेतो आम्ही. इथेच, शाळेच्या मैदा—" चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

दोघं बाहेर धावले. मैदानाच्या कठड्यावरून शरयूने खाली वाकून पाहिलं. कड्याच्या निम्म्यावर, उन्हात, ओल्या दगडांचा लांबलचक पट्टा चमचमत होता. कठड्याच्या पायाशी भेग पडली होती. तिच्यात ढमाल्यांची चार बोटं सहज गेली.

सायरन न वाजवता, दारं ठोठावत माणसं बाहेर काढली. वसाहतीतल्या शिधयेआजी गॅसवर डाळ आहे म्हणून दोनदा मागे फिरल्या. ढमाल्यांनी त्यांना अक्षरशः उचलून जीपमध्ये बसवलं. खालच्या गावांना फोन करून पश्चिमेच्या डोंगरावर जायला सांगितलं. पावणेपाचला शेवटची जीप पलीकडच्या काठावर पोचली.

सहाच्या आत मैदानाची कड खचली. मग शाळा गेली, मग वसाहत, मग कक्ष. आवाज मागाहून आला. धरणाची भिंत जशीच्या तशी उभी होती.

कुणी तरी शरयूच्या हातात चहाचा कप दिला. "तुमच्यामुळे वाचलो, ताई." तिने तो तसाच बाजूला ठेवला. हाच एन्कोडर, याच पर्यायासह, तिने आणखी दोनशे अठरा कॅमेऱ्यांसाठी मंजूर केला होता. पूल, घाट, खाणी, जुनी धरणं.

तिने मोबाइलवर यादी उघडली आणि पहिलाच नंबर फिरवला. घाटातला एक रेल्वेपूल होता.

"तुमच्या पुलाच्या कॅमेऱ्यात काय दिसतंय?" तिने विचारलं.

"काही काळजी करू नका, मॅडम," पलीकडचा माणूस हसून म्हणाला. "पाच वर्षं बघतोय. चित्र अगदी स्वच्छ आहे."